गोलकीपरला दारात उभं करा

नमस्कार मंडळी. आज तालमीबद्दल बोलायचंय.

कोल्हापूरच्या माणसाला तालीम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण हे बाहेरगावीही ऐकलं जातं म्हणून दोन वाक्यात सांगते. तालीम म्हणजे मूळचा कुस्तीचा आखाडा. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, खासबागचं मैदान बांधलं, गल्लोगल्ली तांबडी माती आली, आणि पुढं संस्थानच्याच काळात फुटबॉल आला तो याच तालमींनी उचलला. म्हणून आमच्याकडं फुटबॉलच्या टीमची नावं क्लब-बिब कमी आणि तालीमच जास्त. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडी आहे. थंडी सुरू झाली की शाहू स्टेडियमवर मॅचेस सुरू होतात त्या पार उन्हाळ्यापर्यंत, आणि तेवढे महिने या गावात जावई कुठल्या पेठेतला हे आधी विचारतात आणि पगार नंतर.

माझं माहेर मंगळवार पेठेतलं आणि सासर शिवाजी पेठेतलं. कोल्हापूरकरांना एवढ्यावरच सगळं कळलं असेल. बाकीच्यांनी असं समजा की माझ्या घरात मॅचच्या दिवशी दोन चुली पेटतात.

तर मला आज एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी मधनंमधनं परत सांगणार आहे. मॅचला जमणारी पोरंच पुराला धावतात. लोक म्हणतात, एवढा वेळ फुटबॉलमध्ये घालवतात, बॅनर लावतात, ढोल बडवतात, त्यापेक्षा समाजसेवा करा की. अहो पण ती समाजसेवा येते कुठनं? पुराच्या दिवशी सकाळी उठून कुणी नवीन माणसं जमवू शकत नाही. कुणाकडं टेम्पो आहे, कुणाकडं दोर आहे, कुणाला पोहता येतं, कोण रात्री फोन उचलतो, कोण नुसताच बोलतो, हे सगळं आधीच ठाऊक असावं लागतं. आणि ते ठाऊक होतं वर्षभर एकत्र मॅचला जाऊन, वर्गणी मागून, मांडव घालून, भांडून. मॅचला जमणारी पोरंच पुराला धावतात.

आता किस्सा सांगते. थोडा लांबेल, पण मला तो सांगायला फार आवडतो.

२०१९ चा ऑगस्ट. पहिला आठवडा. आपल्याकडं पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे तोच विचारतात, "पाणी किती फुटावर?" म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. त्या वर्षी ते वाढतच गेलं आणि पंचावन्न फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पेट्रोल नाही, उपसा केंद्रं बुडाली म्हणून नळाला पाणी नाही. भोवती सगळीकडं पाणी आणि घरात प्यायला कळशीभर नाही.

माझी एक शाळेतली मैत्रीण शाहूपुरीत कुंभार गल्लीत दिलेली. त्यांचं घर गणपतीच्या मूर्तींचं. जयंती नाल्यानं पाणी मागं फुगतं आणि शाहूपुरीत घुसतं हे त्या गल्लीला नवीन नाही, पण इतकं नव्हतं कधी. आणि गणपती त्या वर्षी दोन सप्टेंबरला होते, म्हणजे जेमतेम महिना राहिलेला. सगळ्या मूर्ती तयार होत आलेल्या. शाडूच्या मूर्ती, मंडळी. शाडू म्हणजे माती. पाणी लागलं की संपलं.

पहाटे चारला तिचा फोन. "अगं पाणी पायरीला लागलंय. माणसं आम्ही वर जातोय, पण मूर्तींचं काय करू? आम्ही पाचच जण आहोत घरात, त्यातल्या आत्याबाई ऐंशीच्या."

मी पहिला फोन केला माझ्या भाच्याला. माहेरच्या तालमीचा स्ट्रायकर. दुसऱ्या रिंगला उचलला त्यानं. "आत्या, कुठं यायचं तेवढं सांग." दुसरा फोन माझ्या पुतण्याला, दिरांचा मुलगा, सासरच्या तालमीचा गोलकीपर. "काकू, किती पोरं आणू?"

इथं थांबून एक गोष्ट सांगायला पाहिजे. ही दोघं पोरं एकमेकांशी बोलत नव्हती. त्या सीझनला दोन्ही तालमींची मॅच झाली होती, शाहू स्टेडियमवर, गॅलरी गच्च, आणि माझ्या भाच्याची पेनल्टी माझ्या पुतण्यानं अडवली. डाव्या बाजूला झेप घेऊन, दोन्ही हातांनी, बॉल छातीशी धरला. मॅच तिथंच गेली. पुढं मैदानाबाहेर शब्दाला शब्द वाढला, एकानं हात उगारला, दुसऱ्याचा ओठ फुटला. त्यानंतर घरात एक बारसं झालं, तिथं हे दोघं दोन टोकाला जेवायला बसले. मला किती वाईट वाटलं सांगू, दोन्ही माझीच पोरं.

आणि मी त्या पहाटे दोघांनाही सांगितलं नाही की दुसराही येतोय.

उजाडायच्या आत दोन्हीकडची मिळून पन्नासभर पोरं गल्लीच्या तोंडाला. एकीकडं हे, एकीकडं ते. अंगात आपापल्या टीमचे टीशर्ट, कारण पावसात दुसरं काही वाळलेलंच नव्हतं कुणाकडं. पाणी गुडघ्याच्या वर, गढूळ, वरनं पाऊस. मिनिटभर कुणीच हललं नाही. मला छातीत धडधडायला लागलं, म्हटलं आता इथंच जुंपते काय.

तेवढ्यात त्या ऐंशीच्या आत्याबाई, आमच्या सगळ्यांच्या आज्जीच, जिन्यावरनं ओरडल्या, "ए पोरांनो, बघत काय उभं राहिलाय? इकडं या, धरायचं कसं ते शिकवते."

आणि त्यांनी शिकवलं. मूर्तीला हाताला धरायचं नाही, सोंडेला तर नाहीच नाही. दोन्ही हात पाटाखाली घालायचे, पाट छातीशी घ्यायचा, मूर्तीचं तोंड आपल्याकडं. द्यायचं तेव्हा पुढच्यानं पाट पक्का धरला की मगच आपले हात काढायचे. "घेतला" असं त्यानं तोंडानं म्हणायचं. म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. ओला हात असेल तर आधी पुसायचा. कुठं पुसणार, सगळे भिजलेले, तर वरनं मैत्रिणीनं नेसायची चार लुगडी खाली टाकली हात पुसायला.

साखळी लावायची ठरली. शेडपासनं दारापर्यंत, दारातनं गल्लीत, गल्लीतनं वळून समोरच्या उंचावरच्या इमारतीच्या जिन्यानं वर. सगळ्यात अवघड जागा दार. तिथं उंबरा पाण्याखाली, पाय दिसत नाही, दार अरुंद, मूर्ती तिरकी करून बाहेर काढायची, आणि आतला माणूस आणि बाहेरचा माणूस एकमेकांना धड दिसत नाहीत. तिथं कुणाला उभं करायचं यावर जरा चर्चा चालली. आणि माझा भाचा, ज्याची पेनल्टी गेली होती, ज्याचा ओठ फुटला होता, तो एकदम म्हणाला,

"गोलकीपरला दारात उभं करा. त्याच्या हातनं काय सुटत नाही."

सगळे गप्प. पुतण्यानं एकदा बघितलं त्याच्याकडं. काही बोलला नाही. दारात जाऊन पाय रोवून उभा राहिला. आणि भाचा त्याच्या बरोबर आतल्या बाजूला, त्याच्या हातात द्यायला.

मग सुरू झालं ते. "घेतला." "घेतला." "घेतला." पन्नास तोंडं, एकच शब्द. मी जिन्यात उभी राहून मोजत होते, दीडशेपर्यंत मोजलं आणि मग मोजायचं सोडलं. घरगुती मूर्ती, वीतभर, हातभर, काही रंगवलेल्या, काही पांढऱ्याच. बऱ्याच मूर्तींना डोळे नव्हते अजून. डोळ्यांची आखणी शेवटी करतात ना, ते काम फक्त मैत्रिणीचा नवराच करतो. तर डोळे नसलेले गणपती एकामागनं एक पोरांच्या छातीशी बिलगून पाण्यातनं चाललेत, आणि पोरं अशी धरून चाललीत जसं बाळंतिणीच्या खोलीतनं मूल बाहेर आणतात. दोन टीमचे टीशर्ट होते ते चिखलानं एकाच रंगाचे झाले, कोण कुठला ते लांबनं कळेना.

एक मोठी मूर्ती होती, मंडळाची, पाच फुटी. ती हलेना. आठ पोरांनी प्रयत्न केला, पण दारातनं जाईना आणि ओली शाडू इतकी जड की पाटच मोडायला लागला. पाणी कमरेला आलं तेव्हा आज्जींनीच सांगितलं, सोडा आता, बाहेर या. पोरं तयार नव्हती, भाचा तर रडायला आला होता. आज्जी म्हणाल्या, "नदी आलीय न्यायला, तिला नेऊ दे. तुम्ही बाहेर या." पोरं बाहेर आली. ती मूर्ती खालनं विरघळत गेली. मी ते बघितलंय, पाय आधी गेले, मग उंदीर, मग ती हळूच बसली पाण्यात.

त्या इमारतीत वरच्या मजल्यावर एका काकूंनी पातेलंभर चहा केला, शेवटचं दूध होतं ते त्यांच्याकडचं, आणि पार्ले बिस्किटं. जिन्यात पोरं बसली ओळीनं. मी बघितलं तर भाचा आणि पुतण्या एका पायरीवर. बोलत नव्हते. एकाच बशीत दोघांची बिस्किटं होती. भाच्यानं शेवटी विचारलं, "त्या दिवशी डावीकडंच मारणार हे तुला कसं कळलं?" आणि पुतण्या म्हणाला, "तू मारायच्या आधी नेहमी उजवीकडं बघतोस." बास. त्यानंतर अर्धा तास दोघं पेनल्टीवरच बोलत बसले, आणि बाहेर पाणी चढत होतं.

हे मी का सांगते? ज्याच्याशी आपण वर्षानुवर्षं स्पर्धा करतो त्याला आपण भावापेक्षा जास्त ओळखतो म्हणून. अनोळखी माणसानं त्या दारात कुणालाही उभं केलं असतं. हात कुणाचे पक्के हे ज्याचा बॉल अडवला गेला त्यालाच ठाऊक होतं.

पाणी ओसरल्यावरचं काम तर आणखी मोठं असतं आणि ते कुणी फोटोत बघत नाही. चिखल. घराघरात वीतभर गाळ, त्याचा तो वास, भिजलेल्या गाद्या, फुगलेलं धान्य. दोन्ही तालमींची पोरं खराटा, फावडी, पाट्या घेऊन आठवडाभर शाहूपुरीत होती. बाहेरनंही खूप मदत आली, महाराष्ट्रातनं ट्रकच्या ट्रक आले, कोल्हापूर ते विसरणार नाही. पण एक मनात राहिलेलं बोलते. जुने कपडे पाठवू नका हो. फाटके, बटणं तुटलेले, कुणाकुणाच्या घरातले नको झालेले कपडे, त्यांचे ढीग पडून राहिले होते आणि ते उचलायला परत आमचीच पोरं लागली. पूर आलेल्या घराला काय लागतं? खराटा लागतो, फिनेल लागतं, चटई लागते, प्यायचं पाणी, बायकांना सॅनिटरी पॅड, मुलांना वह्या, काडेपेटी, मेणबत्ती. आणि पिशवीवर फोटो छापायला वेळ घालवू नका. तेवढ्या वेळात पिशवी पोचते.

होडीचंही सांगून ठेवते. त्याच पुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला होडी उलटली आणि माणसं गेली. माया होती म्हणूनच जास्त माणसं घेतली गेली असणार, पण होडीला माया कळत नाही, वजन कळतं. पाण्यात उतरायचं काम शिकलेल्यांचं. आपल्याकडं बचावकार्य करणारी व्हाइट आर्मीची मंडळी आहेत, एनडीआरएफचे जवान येतात, लष्कर येतं, त्यांचं ऐकायचं. तालमीच्या पोरांनी काठावरचं काम धरायचं, आणि काठावरचं काम कमी नसतं.

आता हे फक्त कोल्हापुरातच होतं असं नाही. इंग्लंडात लिव्हरपूल शहरात दोन क्लब आहेत, लिव्हरपूल आणि एव्हर्टन, २०२५ पर्यंत दोघांच्या मैदानांच्या मधे एक बाग होती, आणि दोन्हीकडं पिढ्यानपिढ्यांचं वैर, अगदी आपल्या दोन पेठांसारखं. तिथं २०१५ साली दोन्हीकडच्या फॅन्सनी मिळून एक काम सुरू केलं, मॅचच्या दिवशी स्टेडियमबाहेर उभं राहून ज्यांच्या घरात खायला नाही त्यांच्यासाठी डबाबंद अन्न, पास्ता, बेबी फूड गोळा करायचं. एकाचा रंग लाल, दुसऱ्याचा निळा, म्हणून कामाचा रंग जांभळा. मला हे फार आवडलं. मॅच सोडून या, असं कुणी कुणाला म्हटलं नाही. मॅचला येता तसेच या, येताना पिशवीत दोन डबे आणा, एवढंच.

आणि जपानचे लोक. १९९८ च्या वर्ल्डकपला फ्रान्समध्ये निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या फुगवून टीमला चिअर करत होते, मॅच संपल्यावर त्याच पिशव्यांत गॅलरीतला कचरा गोळा केला. २०२२ ला कतारमध्ये तर जी मॅच जपानची नव्हतीच, कतार आणि इक्वेडोरची, तिथंही मागं थांबून त्यांनी गॅलरी साफ केली. आपल्या शाहू स्टेडियमवर हे व्हायला काय हरकत आहे? पाण्याच्या बाटल्या, शेंगांची टरफलं, कागद, मॅच संपल्यावर ती गॅलरी बघवत नाही. आणि स्टेडियमचा विषय निघालाच आहे तर सांगते, मुलींना मॅचला आणा. मला माझ्या वडिलांनी नेलं म्हणून मला हे प्रेम लागलं. तिथं बायकांसाठी नीट जागा, नीट बाथरूम आणि शिव्या न ऐकता मॅच बघता येईल एवढी शिस्त हवी. जो बाटली फेकतो तो फॅन नव्हे. त्याच्यापायी मॅच थांबते, पोरांचं नुकसान होतं, आणि पेठेचं नाव जातं ते वेगळंच. हे मी दोन्ही पेठांना सांगते.

पेठेचं प्रेम मोठं कसं होतं तेही बघितलंय आपण. २०१७ ला भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप झाला, आणि आपला अनिकेत जाधव भारताच्या टीममध्ये होता. त्या रात्री कुणी विचारलं नाही हा कुठल्या तालमीचा. आमच्या घरी माहेरचे आणि सासरचे एकाच सतरंजीवर, एकच टीव्ही, आणि त्याच्या पायात बॉल आला की सगळी खोली गुडघ्यावर. तसंच वर्ल्डकपला अर्धं गाव ब्राझीलचं आणि अर्धं अर्जेंटिनाचं होतं, ती माणसं कधी कोल्हापूरला आली नाहीत, पण त्यांच्यासाठी आमच्या गल्लीत पताका लागतात. या वेडाला मी कधीच नावं ठेवणार नाही. जो माणूस लांबच्या कुणासाठी रात्री तीनपर्यंत जागतो, तो जवळच्यासाठी पहाटे चारला फोन उचलतो. परत सांगते, मॅचला जमणारी पोरंच पुराला धावतात.

किस्सा राहिलाय थोडा.

त्या वर्षी गणपतीत मैत्रिणीच्या बऱ्याचशा मूर्ती वेळेवर गेल्या. तिच्या नवऱ्यानं त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, लाईट नव्हती तेव्हा मेणबत्त्या आणि खिडकीच्या उजेडात डोळ्यांची आखणी केली. दोन्ही तालमींनी मंडपात मोठं डेकोरेशन केलं नाही, ते पैसे पूरग्रस्तांकडं वळवले. थंडी आली, सीझन सुरू झाला, दोन्ही टीमची मॅच लागली. मी गेले होते. पोरं एकमेकांना अशी भिडली की विचारू नका, गॅलरीत तोच आवाज, तेच ढोल, काडीचा फरक नाही, आणि मला ते बघून फार बरं वाटलं. असंच पाहिजे. भाच्यानं एक बॉल मारला, पुतण्याच्या हातात गेला, आणि त्यानं तो छातीशी धरला आणि तिथनं, भर मैदानात, ओरडला, "घेतला!"

गॅलरीतल्या निम्म्या लोकांना काही कळलं नाही. आमच्या पन्नास पोरांना कळलं.

मग २०२१ च्या जुलैमध्ये परत पाणी आलं, आणि २०१९ पेक्षाही वर गेलं. कोरोनाचे दिवस, सगळे मास्क लावून. मी घाबरून पहाटे मैत्रिणीला फोन लावला, म्हटलं पोरांना पाठवू का. ती म्हणाली, "कुणाला पाठवतेस? रात्रीच आलीत दोन्हीकडची. मोठ्या मूर्ती आधी काढल्यात या वेळी. आत्याबाई जिन्यात बसून ओरडायल्यात त्यांच्यावर."

मागनं मला फोनमध्ये ऐकू येत होतं. घेतला. घेतला. घेतला.

चला मंडळी, माझी वेळ झाली. पावसाळा तोंडावर आहे, तालमीत कुणाकडं दोर आहे आणि कुणाकडं टेम्पो आहे ते आजच विचारून ठेवा, आणि मोठ्या मूर्ती आधी काढा. नमस्कार.